हथखोजहून मुंबई किती तास?

रायपूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ९५५ किलोमीटर, आणि वेळ पावणेदोन ते दोन तास. भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून निघणाऱ्या माणसाला या आकड्यांवर भरवसा ठेवून चालत नाही.

मुळात दोन तास तरी का लागावेत? आकाशात जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. त्या हिशेबानं सव्वा तास पुरे. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि उतरून जागेवर लागलं की संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकीवरच सगळा भार असतो आणि विमानांना घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे जोरात असतात. तेव्हा मुंबईकडे जाताना परतीपेक्षा जास्त वेळ जातो.

खरा वेळ मात्र जमिनीवरच जातो. हथखोजहून रायपूरचा माना विमानतळ चाळीसेक किलोमीटर. कुम्हारी, टाटीबंध, ट्रकांच्या रांगा. ज्यांचं नाव या विमानतळाला आहे ते विवेकानंद १८७७ मध्ये लहानपणी रायपूरला आले, तेव्हा इथवर रेल्वे नव्हती. शेवटचा टप्पा बैलगाडीचा होता. शेवटच्या टप्प्याचं दुखणं अजून गेलेलं नाही. रस्त्याचा सव्वा तास, विमानतळावरचे दोन तास, पलीकडे सामान घेऊन डोंबिवली गाठायची. घर ते घर सात तास सहज होतात.

तरीही मुंबईसाठी विमानच जिंकतं. दुर्गहून रेल्वेनं सुमारे ११०० किलोमीटर, म्हणजे सतरा-अठरा तास. पण ज्याला घाई नाही त्यानं गीतांजली एक्सप्रेस सोडू नये. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ मध्ये ती वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. कामगारांच्या भिलाईला ती गोष्ट ठाऊक असायला हवी.

नागपूरचा निकाल उलटा आहे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि इथल्या मराठी घरांची सोयरीक अजून तिकडेच. रायपूरहून हवाई अंतर जेमतेम २८० किलोमीटर, पण डिसेंबर २०२२ पासून धावणारी वंदे भारत दुर्गहून साडेतीन तासांत नागपूरला सोडते. तेवढ्या वेळात विमानाचा प्रवासी फार तर हवेत असेल.

म्हणून भिलाईजवळच्या नंदिनीच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानं सोडा, या मागणीला माझा पाठिंबा नाही. आधी विमानांच्या वेळा धरून भिलाईहून माना विमानतळापर्यंत भरवशाची बस द्या. हथखोजच्या कारखानदारांनी आणि भिलाईतल्या मराठी मंडळींनी मिळून एवढं एकच मागणं प्रशासनापुढे लावून धरावं.