वीस वर्षांचे कॅप्टन पुन्हा उजव्या खुर्चीत



एका वाचक भगिनीने विचारले आहे, “हे कॅप्टन आहेत, वीस वर्षे विमान चालवतात. आता अमेरिकेतल्या विमान कंपनीत जायचे म्हणतात. राहते घर विकायला होकार देऊ का?” प्रश्न एकीचा असला तरी उत्तर अनेकींच्या उपयोगी पडेल.

आधी परवान्याचे पाहू. आपल्या डी.जी.सी.ए.चा परवाना तिथल्या कंपनीत चालत नाही. एफ.ए.ए. या तिथल्या सरकारी खात्याचा ए.टी.पी. परवाना लागतो. पण इथला वरच्या दर्जाचा परवाना असला, तर अगदी बिगरीपासून सुरुवात करावी लागत नाही. निदान १५०० तासांचे उड्डाण हवे, ते ह्यांचे केव्हाच झालेले असते.

मात्र २००९ साली बफेलोजवळ विमान पडून ५० माणसे दगावली आणि नियम कडक झाले. २०१४ च्या ऑगस्टपासून लेखी परीक्षेआधी सक्तीचा अभ्यासक्रम असतो, ३० तास वर्गात आणि १० तास सिम्युलेटरवर. मग लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष परीक्षा. परदेशी माणसाला प्रशिक्षणाआधी सुरक्षा खात्याची मंजुरी लागते ती वेगळीच. वैद्यकीय तपासणीही आहे. चाळिशीनंतर ती दर सहा महिन्यांनी.

आता खरी ग्यानबाची मेख! परवाना हातात आला म्हणजे नोकरीचा हक्क आला असे नव्हे. त्यासाठी ग्रीन कार्ड किंवा तसाच काही कायदेशीर आधार हवा, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग बहुधा वर्षानुवर्षांची असते. तेवढ्यात मुलगा २१ वर्षांचा झाला, तर कुटुंबाच्या अर्जातून त्याचे नाव गळू शकते. हे आधीच विचारून घ्या बरं!

दुसरी गोष्ट ज्येष्ठतेची. ती कंपनीत रुजू झाल्या दिवसापासून मोजतात. कोणते शहर, कोणती पाळी, दिवाळीला घरी की विमानात, सारे तिच्यावर ठरते. माहेरी कितीही लाडकी असली तरी सासरी नवी सून ती नवीच, तसेच हे. कॅप्टनच्या खुर्चीसाठी आधी तिथल्याच कंपन्यांत सहवैमानिक म्हणून १००० तास भरावे लागतात. इथली कॅप्टनकी त्यात धरत नाहीत. वर्षाला १००० तासांहून अधिक उडताही येत नाही. म्हणजे निदान वर्षभर उजवी खुर्ची, आणि ज्येष्ठता आडवी आली तर त्याहून जास्त. निवृत्ती ६५ व्या वर्षी. ह्यांचे वय ५२ असेल, तर उरलेली वर्षे बोटांवर मोजून पाहा.

तेव्हा दोघांनी मिळून एका वहीत लिहून काढा: सगळी लॉगबुके जुळवलेली आहेत का? इथल्या नोकरीचा बाँड आणि नोटिशीची मुदत किती? अभ्यासक्रम, परीक्षा आणि वकील यांचा खर्च कोण देणार? पहिल्या वर्षीच्या पगारात घरभाडे आणि मुलांचे शिक्षण बसते का? तुम्हाला स्वतःला तिथे नोकरी करता येईल का?

कॅप्टनला पुन्हा शिकाऊ होणे जड जाते. घरात त्याची चिडचिड तुमच्याच वाट्याला येणार, तेव्हा हे बोलणे आधीच होऊ द्या.

आणि घराचे म्हणाल, तर ते भाड्याने द्या, विकू नका. ह्यांचा इथला परवानाही जिवंत ठेवा. परतीचा दरवाजा उघडा असला की माणूस निश्चिंत मनाने पुढे जातो.