काबूलशी बोलताना अफगाण स्त्रियांना वगळू नका

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

पुणे, 10 डिसेंबर 2025

विषय : अफगाणिस्तानातील स्त्रिया व मुलींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांना भारताने उघड आणि ठोस पाठबळ देण्याबाबत.

मा. महोदय,

आम्ही पुण्यातील शिक्षिका, परिचारिका, वकील आणि महिला चळवळीतील कार्यकर्त्या आज मानवी हक्क दिनी हे निवेदन सादर करीत आहोत. या शहरात वर्षानुवर्षे अफगाण विद्यार्थी शिकायला येत आले आहेत. त्यांच्यातल्या मुली आमच्या वर्गांत बसल्या, आमच्या शेजारी राहिल्या. काबूलमध्ये नवे फर्मान निघाले की ती आम्हाला परमुलखातली बातमी वाटत नाही.

भारताने गेल्या ऑक्टोबरमध्ये काबूलमधील तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. काबूलशी संबंधच ठेवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. दूतावास नसेल तर अफगाण मुलीने व्हिसा मागायचा कुठे? पण हे संबंध निम्म्या देशाला दाराबाहेर उभे करून जुळवले जाऊ नयेत.

15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबानने काबूल घेतले आणि महिन्याभरात सहावीच्या पुढचे वर्ग फक्त मुलग्यांसाठी उघडले. मुलींच्या शाळा 23 मार्च 2022 रोजी सुरू होतील असे जाहीर झाले होते. काळा गणवेश, डोक्याला पांढरा रुमाल अशा मुली वर्गात येऊन बसल्या आणि काही तासांतच त्यांना घरी धाडण्यात आले. रडत फाटकाबाहेर पडणाऱ्या त्या मुलींना जगाने पाहिले. त्या दिवशी सातवीच्या बाकावरून उठवलेली मुलगी शिकत राहिली असती तर एव्हाना तिची दहावी झाली असती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठे बंद झाली, पाठोपाठ स्वयंसेवी संस्थांतील नोकऱ्या गेल्या. 2023 मध्ये, हजारो घरांची चूल ज्यांवर चालत होती त्या ब्यूटी पार्लरनाही टाळे लागले. ऑगस्ट 2024 च्या कायद्याने तर चारचौघांत बाईचा आवाजही ऐकू येता कामा नये, असे ठरवले.

तरीही तिथल्या बायका स्वस्थ बसलेल्या नाहीत. ‘नान, कार, आझादी’ (भाकरी, काम, स्वातंत्र्य) म्हणत त्या काबूलच्या रस्त्यावर उतरल्या, कोठडीत गेल्या. घराघरांत चोरून वर्ग चालतात. मुलींच्या शिक्षणासाठी गावोगाव फिरणारे मतिउल्ला वेसा यांनी 2023 मध्ये कित्येक महिने तुरुंगात काढले. मदत हवी आहे ती या माणसांना, आणि ती त्यांच्यापर्यंत कशी पोहोचेल हे पाहूनच पुढील मागण्या केल्या आहेत.

सर्वांत निकडीची मागणी बाळंतपणाच्या दवाखान्यांची आहे. 10 ऑक्टोबरच्या भारत-अफगाणिस्तान संयुक्त निवेदनानुसार भारत पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या प्रांतांत पाच प्रसूती दवाखाने उभारणार आहे. आम्ही याचे मनापासून स्वागत करतो. परंतु तेथे बाळंतपणे करणार कोण? डिसेंबर 2024 पासून मुलींना नर्सिंग आणि सुईणीचे शिक्षणही बंद आहे. पुरुष डॉक्टरने बाईला तपासण्यावर अनेक ठिकाणी निर्बंध आहेत. आज ज्या सुईणी कामावर आहेत त्या थकतील, देश सोडतील, आणि त्यांच्या जागी नवी एकही तयार होत नाही. आमच्यापैकी ज्यांनी प्रसूतिकक्षात रात्रपाळ्या केल्या आहेत त्या जाणतात, की बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबेना तर हाताशी मिनिटेच असतात. भिंती आणि खाटा तेव्हा कामाला येत नाहीत. पोटावर हात ठेवून गर्भाशय सैल पडल्याचे ओळखणारी सरावलेली बाई तिथे लागते. म्हणून या दवाखान्यांच्या करारात स्थानिक मुलींना प्रशिक्षण देण्याची आणि त्यांना कामावर येऊ देण्याची अट लेखी असावी. ही अट मान्य होईपर्यंत बांधकामाबरोबरच तिचाही पाठपुरावा दूतावासाने करावा.

त्याला जोडूनच शिष्यवृत्त्यांचा प्रश्न येतो. 2023 पासून दिलेल्या सुमारे 2000 शिष्यवृत्त्यांपैकी 600 च्या आसपास मुली व स्त्रियांना मिळाल्या, असे भारताने संयुक्त राष्ट्रांत सांगितले आहे. हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले पाहिजे, कारण मुलग्यांना विद्यापीठे खुली आहेत, मुलींना नाहीत. नुसती शिष्यवृत्ती जाहीर करूनही भागत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये दुबईला शिकायला निघालेल्या मुलींना काबूल विमानतळावरून परत फिरवले गेले. जवळचा पुरुष नातेवाईक सोबत असल्याशिवाय लांबचा प्रवास करायला बाईला मनाई आहे. तेव्हा विद्यार्थिनीबरोबर तिच्या भावाला किंवा वडिलांनाही व्हिसा मिळावा. ज्यांना निघताच येत नाही त्यांच्यासाठी आफ्रिकी देशांकरिता आखलेल्या ई-विद्याभारतीसारखी ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू करावी, नर्सिंगच्या अभ्यासक्रमासह. सप्टेंबरअखेरीस तिथे देशभर इंटरनेट तोडण्यात आले होते, म्हणून धडे उतरवून ठेवता येतील अशी सोय हवी. आणि शिकणाऱ्या मुलींची नावे कोणत्याही यादीत, छायाचित्रात वा प्रसिद्धीपत्रकात येऊ देऊ नयेत. आपल्याकडच्या कौतुकाची किंमत तिकडे त्या घराला मोजावी लागेल.

ज्या कार्यकर्त्या, पत्रकार, न्यायाधीश जीव वाचवून भारतात आल्या आहेत त्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नोकरीची परवानगी द्यावी. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अशा वेळी सरकारचा एक साधा आदेशच त्यांचा आधार ठरू शकतो. पारपत्राची मुदत संपली, एवढ्या कारणाने कोणालाही परत पाठवू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 7 जुलैला अफगाणिस्तानविषयीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. दुसऱ्याच दिवशी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर स्त्रिया व मुलींच्या छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढले. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही. मात्र स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराने भारत आणि अफगाणिस्तान दोघेही बांधलेले आहेत. त्या कराराच्या भंगाबद्दल जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स यांनी अफगाणिस्तानला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचण्याची प्रक्रिया सुरू केली आहे. भारताने तिला जाहीर पाठिंबा द्यावा.

अखेरची मागणी आपल्याच राजधानीतली आहे. 10 ऑक्टोबरला नवी दिल्लीतील अफगाण दूतावासात झालेल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना घेतले गेले नाही. ती परिषद आपल्या मंत्रालयाने भरवली नव्हती, हे आम्ही लक्षात घेतो. देशभर संताप उमटला आणि दोनच दिवसांत दुसरी परिषद घेऊन महिलांना बोलवावे लागले. ठामपणे बोलले तर फरक पडतो, हे त्यातून दिसले. यापुढे काबूलशी होणाऱ्या प्रत्येक अधिकृत बैठकीत भारताच्या शिष्टमंडळात महिला अधिकारी असाव्यात, मुलींच्या शाळांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असावा आणि बैठकीआधी निर्वासित अफगाण महिला संघटनांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या पाच जणींच्या शिष्टमंडळाला जानेवारीअखेरपर्यंत भेटीची वेळ मिळावी, आणि प्रत्येक मागणीवर मंत्रालयाची भूमिका लेखी कळवावी, ही विनंती.

कळावे,

आपल्या विश्वासू,
पुण्यातील सह्या करणाऱ्या महिला व नागरिक

सोबत : सह्यांची यादी
प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष, परराष्ट्र व्यवहार विषयक संसदीय स्थायी समिती