फाटकापुरती मोजणी

मोठ्या गृहसंकुलाच्या परवानगीच्या फायलीत वाहतूक अभ्यासाचा एक अहवाल असतो. नकाशे, तक्ते, चौकाची छायाचित्रं आणि शेवटी निष्कर्ष : प्रकल्प पूर्ण झाल्यावरही लगतच्या रस्त्याची क्षमता पुरेशी राहील, सबब हरकत नसावी. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर संकुलामागून संकुल उभं राहत गेलं. एकेकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर मानला गेला आणि त्या सगळ्या हिशेबांची बेरीज रोज सकाळी रस्त्यावर उभी असते. हे अहवाल खोटे असतात, असं माझं म्हणणं नाही. पूर्ण प्रामाणिकपणे केले तरी ते निरुपयोगी ठरतात, कारण त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्नच अपुरा आहे. एका संकुलामुळे किती वाहनं वाढतील हे कळून काही साधत नाही. या रस्त्यावर आजवर ज्यांना ज्यांना परवानगी दिली त्या सगळ्यांची मिळून किती माणसं वाढणार आणि ती जाणार कशी, हे कळायला हवं. ते शोधून काढणं कोणा एका बिल्डरचं काम नाही, महापालिकेचं आहे.

घोडबंदरचं उदाहरण घेतो, कारण तिथे भूगोलानेच पळवाट ठेवलेली नाही. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख ही जुनी गावं आणि त्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर. माजिवड्याकडे नेणारा मुख्य रस्ता एकच. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर, भिवंडीच्या गोदामांतले ट्रक, नाशिककडून येणारी जड वाहनं यांनाही तोच रस्ता. शाळेची बस, ठाणे स्टेशनकडे निघालेली टीएमटी म्हणजे महापालिकेची बस, शेअर रिक्षा, दुचाकी हे सगळं त्यातच. गल्लीबोळांच्या जुन्या शहरात एक रस्ता तुंबला तर माणूस दुसऱ्या वाटेने जातो. इथे दुसरी वाट नाही. त्यामुळे कोणत्याही एका संकुलाचा भार त्याच्या फाटकापाशी थांबत नाही, थेट शहराच्या तोंडाशी, कापूरबावडीपर्यंत येतो.

या अभ्यासाची पद्धत काय, ते पाहू. संकुलाजवळच्या एक-दोन चौकांत दिवसभर मोजणी होते. कार, दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक यांचे रकाने, दर पंधरा मिनिटांची नोंद. प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत भार दिलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत (क्रमांक 106) कार म्हणजे 1, दुचाकी 0.5 ते 0.75, बस किंवा ट्रक 2.2 ते 3.7 असे हे भार आहेत. त्यांची बेरीज म्हणजे त्या तासाचे पीसीयू. त्यात नव्या संकुलाची अंदाजित वाहनं मिळवायची आणि रस्त्याच्या क्षमतेने भागायचं. भागाकार एकच्या खाली राहिला की काम झालं.

पद्धत शास्त्रीय आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. चूक होते ती तिच्यात कोणते आकडे घालायचे इथे. सहापदरी, दुभाजक असलेल्या प्रमुख रस्त्यासाठी हीच मार्गदर्शिका दोन्ही दिशा मिळून तासाला 5,400 पीसीयू धरायला सांगते. समजा, आज त्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला 4,600 पीसीयू मोजले गेले आणि एका संकुलामुळे 150 वाढणार आहेत. भागाकार 0.85 वरून 0.88 वर गेला. यात कोणाला काय गैर वाटावं? पण त्याच दोन-तीन वर्षांत त्याच पट्ट्यात आठ संकुलांनी असेच आठ अहवाल दिले, तर प्रत्येक अहवाल 4,600 पासून सुरू होतो आणि 4,750 वर थांबतो. आठही जण राहायला आल्यावर रस्त्यावर 5,800 पीसीयू असतात आणि भागाकार 1.07 होतो. आठही अहवाल खरे, आठही मंजुऱ्या नियमाला धरून, आणि रस्ता बंद. परवानगी मिळालेली पण अजून पायाही न खणलेली इमारत मोजणीच्या दिवशी रस्त्यावर दिसतच नाही. ती फक्त महापालिकेच्या नोंदींत असते, आणि त्या नोंदी वाहतूक अभ्यासात येत नाहीत.

याच्याही खोलात आणखी एक दोष आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. रस्ता तुंबला की ठरावीक रेषेवरून तासाला पुढे सरकणारी वाहनं कमी होतात. वाघबीळच्या पुलाखाली वही घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या रकान्यात तेवढीच वाहनं पडतात जी त्याच्यासमोरून गेली. मागे ओवळ्यापर्यंत लागलेली रांग त्याच्या वहीत नाही. म्हणजे कोंडी जितकी वाईट, तितका मोजलेला आकडा लहान आणि तितका भागाकार चांगला. रस्त्यावरून जायला किती जण निघाले आणि किती जण जाऊ शकले, या दोन आकड्यांतला फरक रांग मोजल्याशिवाय आणि प्रवासाला लागलेला वेळ मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय 5,400 चा आकडा ज्या रस्त्यासाठी आहे त्यावर दुतर्फा फाटकं उघडत नाहीत, वाहनं उभी राहत नाहीत आणि आडवी रहदारी नाममात्र असते, असं मार्गदर्शिकेनेच गृहीत धरलेलं आहे. घोडबंदरचा कोणता टप्पा या वर्णनात बसतो?

आता या मोजणीच्या बाजूने जे सांगितलं जातं ते घेऊ.

पहिला युक्तिवाद असा की या संकुलांतले रहिवासी मेट्रोने जातील, त्यामुळे वाहनं फारशी वाढणार नाहीत. वडाळा ते कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंतची मेट्रो हवी आहे. तिच्याविषयी माझा कोणताही आक्षेप नाही. पण ताबा आधी आणि गाडी नंतर हा क्रम असेल, तर मधल्या वर्षांत माणसं गाड्या घेतात, आणि एकदा घेतलेली गाडी मेट्रो आली म्हणून विकली जात नाही. दुसरं म्हणजे हा दावा करणाऱ्यांनी आपल्याच फायलीतले दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. वाहतूक अहवालात लिहिलेलं असतं की इतके टक्के रहिवासी सार्वजनिक वाहतुकीने जातील. इमारतीच्या नकाशात त्याच रहिवाशांसाठी चार-चार मजल्यांचं पोडियम पार्किंग दाखवलेलं असतं, रॅम्पच्या उतारासकट, खांबाखांबांत आखलेल्या चौकोनांसकट. माणसं बसने जाणार असतील तर एवढे चौकोन कोणासाठी? आणि चौकोन भरणार असतील तर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान त्यांतल्या किती गाड्या रॅम्पवरून खाली येतील, हे अहवालात का नाही? दोन्ही कागद एकाच कार्यालयात जमा होतात. ते जुळवून पाहण्याचं बंधन कोणावरही नाही.

दुसरा युक्तिवाद रस्ता वाढवण्याचा. या रस्त्यावर कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल झाले. त्यांनी त्या त्या चौकातली थांबाथांब कमी केली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रांग पुलावरून उतरून पुढच्या अरुंद जागी जाऊन थांबली. इतरत्रही हेच दिसतं. जील डुरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात त्यावरचा वाहनप्रवासही वाढला, असं त्यांना आढळलं. बाळकूम ते गायमुख खाडीकिनारी रस्ता होईल, बोरिवलीकडे जाणारा बोगदा होईल. दोन्ही कामं व्हावीत. फक्त ती पूर्ण होतील म्हणून आजच वाढीव चटईक्षेत्र वाटून टाकायचं, हे मला मान्य नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. जितका रुंद रस्ता समोर, तितका उंच इमला. नियम समोरच्या रस्त्याची रुंदी पाहतो, त्या रस्त्यावर आधीच किती भार आहे हे पाहत नाही. तीस मीटरचा रिकामा रस्ता आणि तीस मीटरचा तुंबलेला रस्ता नियमाच्या लेखी सारखेच.

तिसरं म्हणणं विकासकांचं आहे आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, आम्ही विकास शुल्क भरतो, प्रीमियम भरतो, रस्ते आणि बस देणं हे पालिकेचं काम. बरोबर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास शुल्क आकारलं जातं ते नागरी सोयींसाठीच. त्या पैशातून त्याच पट्ट्यातला सेवारस्ता, पदपथ, बसथांबा झाला का, हे विचारण्याचा हक्क विकासकालाही आहे आणि तिथे घर घेणाऱ्यालाही. पण म्हणूनच मूल्यमापन विकासकाने नेमलेल्या सल्लागाराकडून करून घेणं चुकीचं. ज्याला परवानगी हवी त्यानेच परीक्षक नेमायचा आणि त्याचे पैसे द्यायचे, अशी रचना असल्यावर सल्लागार कितीही सचोटीचा असला तरी त्याचं काम संशयातून सुटत नाही.

इथवर वाचून काही रहिवासी खूश होतील. त्यांनाही मला स्पष्ट सांगायचं आहे. ‘आता बास, नवी बांधकामं बंद करा’ ही मागणी मी मांडत नाही. ठाण्यात घरं बांधली नाहीत तर ती माणसं नाहीशी होत नाहीत. ती आणखी पुढे बदलापूर, टिटवाळा, भिवंडीकडे जातात आणि रोज अधिक लांबचा प्रवास करून याच माजिवड्यात, याच स्टेशनात येतात. कोंडी त्यांच्याबरोबर फक्त लांबते. ज्यांनी आपलं घर दहा वर्षांपूर्वी घेतलं त्यांची गाडीही याच रस्त्यावर आहे. नंतर येणाऱ्यालाच गर्दी ठरवून त्याच्यासाठी दार लावून घेणं न्यायाचं नाही. बंदीची झळ बसते ती परवडणाऱ्या घराच्या शोधात असलेल्या माणसाला. आधीच आलेल्यांच्या घरांची किंमत तेवढी वाढते.

मग काय करावं? सरसकट बंदी नको, पण रस्त्याची क्षमता आधी मोजायला हवी. क्षमतेची मर्यादा मानून बांधकाम रोखणं आपल्याकडे अपूर्व नाही. कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये मुंबईतल्या नव्या बांधकामांना मनाई केली होती. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर शिथिल केली. घोडबंदर रस्त्यावरच 2017 मध्ये पाण्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना स्थगिती दिली. पाणी आणि कचरा यांची क्षमता आपण मोजण्याजोगी मानतो, रस्त्याची मानत नाही. आणि दर वेळी न्यायालयात जावं लागतं, म्हणजे ज्यांनी वेळेत मोजायचं त्यांनी मोजलेलं नसतं.

रस्त्याची क्षमता अशी मोजण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. अशा मंजुरीसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ठरवलेल्या प्रमाणित अटींमध्ये वाहतुकीची अट स्पष्ट आहे : प्रकल्पाभोवतीच्या पाच किलोमीटर परिघातल्या रस्त्यांचा सेवास्तर, म्हणजे वाहतूक किती सुरळीत चालते ती पातळी, टिकला पाहिजे, सुधारला पाहिजे, आणि त्यासाठीचा आराखडा त्या परिघातल्या सगळ्या चालू आणि प्रस्तावित बांधकामांच्या एकत्रित परिणामावर आधारलेला असला पाहिजे. मी जे मागतो आहे ते अक्षरशः हेच. पाच किलोमीटर म्हणजे घोडबंदर पट्ट्याचा मोठा हिस्सा. ही अट एकेकट्या विकासकाला पाळताच येणार नाही, कारण शेजारच्या प्रकल्पांची माहिती त्याच्याकडे नसते. ती ठाणे महापालिकेकडे असते.

म्हणून पालिकेने माजिवडा ते गायमुख हा संपूर्ण पट्टा एक धरून अभ्यास स्वतः करावा. सल्लागार पालिकेने नेमावा, खर्च सगळ्या विकासकांकडून घरांच्या संख्येप्रमाणे घ्यावा. मंजूर झालेल्या प्रत्येक घराचा भार एका वहीत चढवावा, मग ते घर बांधलेलं असो वा नसो, आणि नवी परवानगी त्या वहीच्या शेवटच्या आकड्यापासून मोजावी. वाहनांबरोबर माणसं मोजावीत. साठ माणसं घेऊन जाणारी बस पीसीयूच्या हिशेबात दोन-तीन गाड्यांएवढा अडथळा ठरते आणि ती काढून टाकली तर भागाकार सुधारतो. ज्या मोजणीत बस कमी केल्याने रस्ता चांगला ठरतो, तिच्यावर शहर चालवता येणार नाही. कॅलिफोर्नियाने 2013 चा कायदा करून पर्यावरणीय परीक्षणात वाहनांच्या खोळंब्याऐवजी एकूण वाहनप्रवासाची लांबी हा निकष आणला, तो याच विचाराने. सेवारस्त्यावरून चालत बसथांब्यापर्यंत येणाऱ्या बाईला महामार्ग ओलांडायला किती वेळ थांबावं लागतं, हाही आकडा अहवालात यावा. आज त्यासाठी रकानाच नाही.

हे सगळं लोकांसमोर यायला हवं. बांधकाम प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळलं आहे. त्यामुळे ज्यांच्या रस्त्यावर भार येणार त्यांना त्या अहवालावर मंजुरीपूर्वी सुनावणीत बोलायला मिळत नाही. पालिकेने स्वतःहून तो संकेतस्थळावर टाकावा, मराठीत, तक्त्यांसकट, आणि हरकतींना तीस दिवस द्यावेत.

यामुळे परवानग्या लांबतील आणि घरं महागतील, हा आक्षेप येणार. पट्ट्याचा एक अभ्यास झाला की पन्नास वेगवेगळे अहवाल करावे लागत नाहीत, म्हणजे विकासकाचा वेळ वाचतो. आणि आजची दिरंगाई कोण सोसतं? ताबा मिळाल्यावर रोज सकाळी गाडीत किंवा बसमध्ये बसून राहणारा घर घेणारा. त्याचा तो वेळ घराच्या किमतीत कोणी धरत नाही.

शेवटचा मुद्दा भोगवटा पत्राचा, आणि यावर मी अडून बसेन. पाच टॉवरच्या संकुलात पहिल्या दोन टॉवरना भोगवटा मिळाल्यानंतर वर्षभराने त्याच चौकात, त्याच तासाला, रांगेसकट पुन्हा मोजणी व्हावी. अहवालात सांगितलेल्या आकड्याशी ती जुळली, कबूल केलेला सेवारस्ता आणि बसफेऱ्या सुरू झाल्या, तर पुढच्या टॉवरचं भोगवटा पत्र द्यावं. नाही जुळली तर विकासकाने आणि पालिकेने मिळून तूट भरून काढेपर्यंत ते थांबवावं. तूट विकासकाच्या हद्दीतली असेल तर खर्च त्याचा. पालिकेने कबूल केलेली बस आली नसेल तर टीएमटीने ती किती दिवसांत सुरू करायची याची तारीख त्याच आदेशात लिहावी.