जांभळ्या पेनाचा आमदार

उदगीरच्या कुठल्याही अनुदानित शाळेतल्या गुरुजींचे पगारपत्रक पाहा. भविष्य निर्वाह निधी, विमा, पतसंस्थेचा हप्ता या कपातींच्या गर्दीत 'व्यवसाय कर' अशी एक बारकी ओळ असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. ही कपात नेमकी कशासाठी सुरू झाली, असे स्टाफरूममध्ये विचारले तर दहातले नऊ जण खांदे उडवतात. हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. पगारदाराच्या खिशातून जेवढा कर जमेल, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि त्यातून दुष्काळी भागातल्या मजुराला काम द्यायचे, असा तो हिशेब होता. ज्यांच्या डोक्यातून ही योजना निघाली, ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते.

सांगली जिल्ह्यातल्या पागेंनी 1960 ते 1978 अशी अठरा वर्षे ते आसन सांभाळले. सभापतीला बाकावरच्या सदस्यासारखे चर्चेत उतरता येत नाही. म्हणून त्यांनी आपली कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी उतरवली आणि 1965 मध्ये तासगाव तालुक्यात ती करून पाहिली. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यात त्या साली पाझर तलावावर पाट्या उचललेली, खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे आजही घराघरांत आहेत. कायदा 1977 मध्ये मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तो 2005 मध्ये, म्हणजे तासगावच्या प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी.

'वरचे सभागृह हवे कशाला' हा प्रश्न चहाच्या टपरीवर निघतोच. त्याला पागे हे एक चोख उत्तर आहे. पण एकट्या पागेंच्या पुण्याईवर सभागृहाने किती वर्षे काढायची?

विधान परिषदेत 78 जागा आहेत. त्यातल्या 30 जणांना आमदार निवडतात, 22 जणांना नगरसेवक आणि जिल्हा परिषद-पंचायत समितीवाले, सात जणांना पदवीधर, सात जणांना शिक्षक, आणि उरलेले बारा राज्यपाल नेमतात. विधानसभेने मंजूर केलेले साधे विधेयक परिषद फार तर तीन महिने रोखू शकते, विधानसभेने ते पुन्हा पाठवले तर आणखी एक महिना. धन विधेयकाला तर चौदाच दिवस. ना सरकार पाडता येते, ना कायदा कायमचा अडवता येतो. मग उरते ते बोलणे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, नियम 97 खालची अल्पकालीन चर्चा, नियम 260 चा प्रस्ताव ही या सभागृहाची आयुधे. ती ज्याला वापरता येत नाहीत किंवा वापरायची नाहीत, त्याने तिथे सहा वर्षे बसून नेमके काय केले, असे मतदाराने विचारायला हवे.

आपले सभागृह ज्या कुळातले, त्याच कुळातले एक आयर्लंडमध्ये आहे. राज्यसभेत नामनियुक्त सदस्य घेण्याची कल्पना आपल्या घटनाकारांनी आयरिश राज्यघटनेवरूनच उचलली. तिथल्या सिनेटमध्ये 60 जण बसतात. त्यातले 11 पंतप्रधान नेमतात आणि सहा जणांना विद्यापीठांचे पदवीधर निवडतात. अधिकार आपल्या परिषदेसारखेच तुटपुंजे, विधेयक जास्तीत जास्त 90 दिवस लांबवता येते. तरीही या पदवीधरांच्या जागांवरून काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

मेरी रॉबिन्सन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांच्या मतांवर 1969 मध्ये सिनेटर झाल्या. संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी उठवणारे विधेयक त्यांनी दोन सहकाऱ्यांसह 1971 मध्ये आणले. त्या कॅथॉलिक देशात सभागृहाने त्याचे पहिले वाचनसुद्धा होऊ दिले नाही. बाईंनी विषय सोडला नाही. अटींच्या जंजाळात का होईना, ती साधने कायदेशीर करणारा कायदा 1979 मध्ये झाला आणि 1990 मध्ये रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या. दुसरे डेव्हिड नॉरिस, ट्रिनिटीतच इंग्रजी शिकवणारे आणि जेम्स जॉइसवर जीव असलेले. पदवीधरांनी त्यांना 1987 मध्ये सिनेटवर पाठवले आणि 2024 च्या जानेवारीत निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. समलैंगिकतेला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध ते स्वतःच्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयात हरले, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात 1988 मध्ये जिंकले, आणि 1993 मध्ये तो कायदा बदलला. त्या खटल्यात त्यांच्या वकील होत्या याच रॉबिन्सनबाई.

आयर्लंडने 2013 मध्ये सिनेट बरखास्त करायची की नाही, यावर थेट सार्वमत घेतले. सिनेट वाचली, पण 51.7 टक्क्यांवर. जीव वाचला म्हणायचे इतकेच. आपल्याकडे लोकांना असे कुणी विचारत नाही. बंगाल, पंजाब, तमिळनाडूने आपापल्या परिषदा गुंडाळल्या. आंध्र प्रदेशाने 1985 मध्ये गुंडाळलेली 2007 मध्ये पुन्हा उघडली, 2020 मध्ये पुन्हा बंद करायचा ठराव केला आणि 2021 मध्ये तोही मागे घेतला. परिषद असावी की नसावी हे तिथे तत्त्वावर ठरले नाही. बहुमत कुणाच्या हातात आहे, यावर ठरले.

नॉरिससारखाच इंग्रजीचा मास्तर महाराष्ट्राच्या परिषदेतही होऊन गेला. फर्ग्युसन महाविद्यालयातले ग. प्र. प्रधान पुणे पदवीधर मतदारसंघातून 1966 मध्ये निवडून आले आणि अठरा वर्षे परिषदेत राहिले. आणीबाणीत तुरुंगात गेले, विरोधी पक्षनेते झाले, उपसभापतीही झाले. मराठवाड्याच्या वाट्याला आले ना. धों. महानोर. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्यात शेती करणारा हा कवी 1978 मध्ये राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून सभागृहात गेला आणि तिथे पाणी, कोरडवाहू शेती, फळबागा यांवर बोलत राहिला. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 मध्ये आली. पागेंच्या खड्डे खणण्याच्या कामातून आंबा, बोर आणि सीताफळ उभे करायचा तो विचार होता. यांच्या आधी ग. दि. माडगूळकर बारा वर्षे तिथे बसले होते. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतली जाणती माणसे सभागृहात यावीत म्हणून घटनेने या बारा जागा ठेवल्या.

आता त्या जागांना 'पुनर्वसन' हा शब्द चिकटला आहे. तत्कालीन सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये पाठवलेल्या बारा नावांवर राजभवनाने निर्णयच दिला नाही. पुढे सरकार बदलले, प्रकरण कोर्टात फिरले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सात जणांचा शपथविधी झाला, तोही विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर. नगरसेवकांच्या मतदारसंघाची गत तर और. उस्मानाबाद-लातूर-बीड जागेची मुदत जून 2024 मध्ये संपली, तेव्हा उदगीर नगरपालिकेत प्रशासक होता. मत द्यायला नगरसेवकच नव्हते.

म्हणजे उदगीरच्या सामान्य माणसाच्या हातात थेट उरतो तो पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ. (शिक्षक मतदारसंघ म्हणावा तर त्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना मतच नाही. माध्यमिक आणि त्यावरच्यांनाच आहे. 'अ आ इ' शिकवणारा शिक्षक या हिशेबात बसत नाही.) मतदार यादीत नाव येण्यासाठी पदवीधराला नमुना 18 हा अर्ज भरावा लागतो. किमान तीन वर्षांपूर्वीची पदवी हवी, विद्यापीठाच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत हवी. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, मागची नोंदणी चालत नाही. म्हणून तहसीलवर अर्जांचे गठ्ठे येतात, आणि मतदार आणतो कोण, तर ज्याला निवडून यायचे आहे तो. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केच पेन हातात मिळतो. आवडत्या उमेदवारापुढे 1 हा आकडा लिहायचा, मग हवे तर 2, 3. अक्षरात 'एक' लिहिले की मत बाद. मराठवाड्यात 2020 च्या निवडणुकीत हजारो पदवीधरांची मते बाद झाली, ही गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही.

आपला आमदार सभागृहात काय बोलतो, हेही कुणी विचारत नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे प्राध्यापक, विनाअनुदानित शाळांचा अनुदानाचा टप्पा, 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांची पेन्शन, उदगीरचा बंद पडलेला दूध भुकटी प्रकल्प हे विषय इथल्या प्रत्येक मेळाव्यात निघतात. पण मेळाव्यातले भाषण वेगळे आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्र्याकडून तारखेसह काढलेले उत्तर वेगळे. पहिले टाळ्या मिळवते. दुसरे कार्यवृत्तात उरते, आणि पुढच्या अधिवेशनात 'आपण अमुक तारखेला असे म्हणाला होता' म्हणून मंत्र्याच्या पुढ्यात ठेवता येते. रॉबिन्सन यांचे फेटाळलेले विधेयक आज वाचता येते, कारण ते नोंदीत आहे. आयर्लंडच्या संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचे नाव शोधले की तो कधी काय बोलला, हे कुणालाही दिसते. आपल्याकडे कार्यवृत्त शब्दशः ठेवले जाते, पण उदगीरच्या पदवीधराने त्यातून आपल्या आमदाराचे बोलणे शोधायचे म्हणजे वाळूतून मोहरी वेचणे.

त्यापेक्षा सोपा उपाय आहे, आणि तो मतदाराच्या हातात आहे. मराठवाडा पदवीधर मतदारसंघात 2020 साली निवडून आलेल्या आमदाराची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. नमुना 18 घेऊन कुणी दारात आले, तर अर्ज भरून द्या, प्रमाणपत्राची प्रतही द्या, आणि बदल्यात एक कागद मागा. मावळत्या आमदाराच्या माणसाकडे सहा वर्षांत सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची तारीखवार यादी मागा. नव्या उमेदवाराचा माणूस असेल तर पहिल्या अधिवेशनात विचारायचे पाच प्रश्न लिहून आणायला सांगा.