गोठ्यातली बोली

जनावराच्या मनातलं अंतर्ज्ञानानं ओळखता येतं, असं सांगणारे लोक हल्ली शहरातही भेटतात. आमच्या भोकरदन-जाफराबादकडचा जुना शेतकरी एवढा मोठा शब्द वापरणार नाही. बैलानं रवंथ करणं सोडलं, कान पाडले, नाक कोरडं पडलं, की वैरण टाकता टाकताच तो ठरवतो, आज याला जुंपायचं नाही. बैलही धन्याला ओळखून असतो. कासऱ्याचा हिसका, चालीतली घाई, आवाजातला राग त्याला लगेच कळतो.

ही नजर किती बारीक! बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवून खुरानं उत्तर देई. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिलं. योग्य आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हले, नि घोडा थांबे. लोकांना ही फजिती वाटली. मला हे गणितापेक्षा मोठं वाटतं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी असते. हळद-तूप चोळताना जुवानं आलेली सूज बोटांना समजते. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. ट्रॅक्टरशी माझं भांडण नाही. कष्ट वाचतात, हे खरंच. पण नुसते मातीचे बैल पुजणाऱ्या घरातल्या पोरांना पाडलेला कान कसा कळावा? यंदा त्यांना आदल्या सांजेलाच शेजारच्या गोठ्यात न्या, आणि खांदा मळू द्या.