दुनळीची नवी आवृत्ती आणि ‘हुबेहूब’चा भ्रम

एखाद्या जुन्या, नामांकित दुनळी बंदुकीची प्रतिकृती आज नव्याने घडवायची झाली, तर मुळातले काय ठेवावे आणि काय टाकावे? वरकरणी हा प्रश्न लोहाराचा आणि सुताराचा वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्यात लक्ष घालावे, असा या लेखाचा आग्रह आहे. आपल्याकडे वारसा, संग्रहालय, स्मारक हे विषय निघाले की ‘हुबेहूब’ हा एकच शब्द अंतिम निकष म्हणून पुढे केला जातो. हा निकष भाबडा आहे. इतकेच नव्हे, तर तो अप्रामाणिकपणाला वाट करून देतो.

पाथरीच्या वाचकाला ‘मूळ’ या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे होते, असे फिरिश्ता सांगतो. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार मिळाल्यावर सैन्य पाठवून गाव घेतले. चारशेहून अधिक वर्षे उलटली. शिर्डीच्या साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा झाली आणि तिच्या निषेधार्थ १९ जानेवारी २०२० रोजी शिर्डीने बंद पाळला. उगमाचा हक्क मागताना माणसे पुराव्याच्या पलीकडे किती लवकर जातात, हे या गावाने दोनदा पाहिले आहे. वस्तूंच्या बाबतीत तोच हव्यास ‘हुबेहूब’ हे नाव घेऊन येतो.

आता दुनळीकडे येऊ. ‘अभिजात दुनळी’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणती दुनळी आपल्या मनात असते? बाहेर दोन घोडे असलेली, की १८७५च्या अँसन आणि डीली यांच्या रचनेची, जिच्यात घोडे पोटात गेले आणि नळ्या मोडताना ते आपोआप ताणले जाऊ लागले? लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, सांधून केलेल्या दमास्कस नळ्यांची, की एकसंध पोलादी नळ्यांची? काळ्या दारूसाठी घडवलेली, की बिनधुराच्या दारूसाठी? या सर्व बंदुका ‘जुन्या इंग्रजी दुनळ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. पण त्या एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या शाखांच्या पोथ्यांसारख्या आहेत. आधारप्रत कोणती, हे ठरवल्याशिवाय प्रतिकृतीची भाषा करणे म्हणजे पोथी न पाहता आवृत्ती काढणे होय.

आधारप्रत ठरली तरी ‘हुबेहूब’ हाती लागत नाही. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले असता त्यातील एका गोळ्याचा जो व्यास, तो नळीचा व्यास. हे माप सुमारे १८.५ मिलिमीटर भरते आणि ते बदललेले नाही. बदलले ते काडतूस. अनेक जुन्या इंग्रजी दुनळ्यांचे काडतुसाचे घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे आहे. आजचे सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचे आहे. ते आखूड घरात घातले तर दाब वाढतो, आणि जुनी नळी तो सोसेलच असे नाही. मग नव्या बंदुकीत जुने घर ठेवायचे की नवे? जुने ठेवले तर मापाशी निष्ठा राहते आणि हात धोक्यात येतो. नवे केले तर हात वाचतो, पण ‘हुबेहूब’ गेले. जाणता कारागीर दुसरा मार्ग घेतो आणि तसे नळीवर कोरून ठेवतो. संपादक अशुद्ध पाठ दुरुस्त करून मूळ पाठ तळटीपेत देतो, त्याहून हे वेगळे नाही.

दुसरा मुद्दा दस्त्याचा. उत्तम इंग्रजी दुनळीचा दस्ता तयार मापाचा नसे. मालकाच्या हाताची लांबी, मानेची ठेवण, खांद्याची रुंदी पाहून त्याला बाक आणि कल दिला जाई. बंदूक खांद्याला लावताच डोळा, नळीवरची पट्टी आणि लक्ष्य एका ओळीत यावे, हा त्यातला हेतू. अशा बंदुकीची तंतोतंत नक्कल करणे म्हणजे कुणा मृत साहेबाच्या किंवा देशमुखाच्या अंगकाठीची नक्कल करणे. मुळाशी प्रामाणिक राहायचे, तर माप घेण्याची पद्धत उचलली पाहिजे, माप नव्हे. आकार सोडल्यानेच मुळाचे तत्त्व जपले जाते, असे हे उदाहरण आहे, आणि भाषांतर शिकवणाऱ्यांनी ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

याउलट, डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी मात्र नेमक्या उतरायला हव्यात. दोन नळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या की दुनळी होत नाही. त्यांचे अक्ष पुढे किंचित जवळ आणावे लागतात, नाहीतर ठरावीक अंतरावर एकीचे छर्रे एकीकडे आणि दुसरीचे दुसरीकडे जातात. दोन चापांच्या बंदुकीत पुढचा चाप सामान्यतः उजव्या, मोकळ्या नळीचा असतो आणि मागचा डाव्या, तोंडाशी आवळलेल्या नळीचा. जवळचे सावज आणि लांबचे सावज यांतली निवड बोटाच्या एका हालचालीत होते. हा दुनळीचा अर्थ आहे. नक्षी, हरणांची कोरीव चित्रे, चांदीची फुले हा अलंकार झाला. आपले वारसाप्रेम अलंकाराशी थांबते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

‘मग प्रतिकृतीच नको, ती खोटीच असणार’, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याचेही मत मला मान्य नाही. अमेरिकेतील मेरिडनच्या पार्कर बंधूंची दुनळी बंद पडल्यावर १९८४ ते १९८८ या काळात जपानमध्ये तिची नवी आवृत्ती घडवली गेली, आणि ती ‘पार्कर रिप्रॉडक्शन’ याच नावाने विकली गेली. नावातच कबुली होती, म्हणून तिला कुणी बनावट म्हटले नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती कोणत्याही एका पोथीशी शब्दशः जुळत नाही. तिला आपण खोटी म्हणत नाही, कारण निवडीमागची कारणे आणि सोडलेले पाठ त्याच आवृत्तीत दिलेले आहेत. खरे-खोटे साम्यावर ठरत नाही, कबुलीवर ठरते. नव्या बंदुकीला मुद्दाम गंज चढवणे, दस्त्यावर खोटे ओरखडे पाडणे, नळीवर लंडनच्या पेढीचे नाव कोरणे, हे बनावट सनदेला जुना कागद वापरण्याच्या जातीचे कृत्य आहे.

कायदाही येथे साहित्यिक भेद करतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक घडवणे हा गुन्हा आहे, आणि दिखाऊ बंदुकीचे परवान्याशिवाय खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हाही. मीर कासीमच्या काळापासून बंदुकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बिहारमधील मुंगेरमध्ये परवानाधारक कारागिरीची परंपरा आणि चोरटा धंदा यांच्यामध्ये हीच रेघ आहे. म्हणून योजना आखणाऱ्याने प्रथम ठरवावे: बार काढणारी बंदूक हवी की भिंतीवरची? पहिली हवी असेल तर परवानाधारक कारखाना आणि दाबाची अधिकृत चाचणी यांना पर्याय नाही. दुसरी हवी असेल तर तिला ‘प्रतिमान’ म्हणावे आणि तारीख घालावी.

आणि सर्वांत मोठा वगळलेला पाठ शेवटी. मराठवाड्यातील गढ्यांवर आणि वाड्यांवर टांगलेली दुनळी केवळ शिकारीची सखी नव्हती. ती कुळाला दिसावी म्हणून टांगलेली असे. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत, बंदूक कुणाच्या हाती आहे यावर या भागातील गावांचे जगणे-मरणे ठरत होते. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा रुबाब संपवला. व्यंकटेश माडगूळकरांसारखा शिकारीच्या नादाने रान पाहिलेला लेखक ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांकडे केवळ पाहत राहिला. मराठी गद्याने बंदूक खाली ठेवून जे मिळवले, ते वारसाप्रेमींच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

पाथरीत किंवा मराठवाड्यात कुठेही अशी दुनळी पुन्हा घडवायची असेल तर अवश्य घडवावी. हुनर मरू देण्यात कसलेच पुण्य नाही. पण तिच्या शेजारच्या पाटीवर चार गोष्टी असाव्यात: आधारप्रत कोणती, काय बदलले आणि का, कुणी आणि कधी घडवली, आणि मूळ बंदूक कुणावर रोखली जात होती. पहिल्या तीन गोष्टी कारागीर सांगेल. चौथी शोधून लिहिणे हे आपले, म्हणजे वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांचे, काम आहे. ती पाटी कोरी ठेवून जी प्रतिकृती उभी राहील, ती कितीही देखणी असली तरी अपुऱ्या पाठाची आवृत्ती मानावी आणि तसे स्पष्ट लिहावे.