पाटी लहान, फ्लेक्स मोठा

वकिलाने दारावर लावायची पाटी केवढी असावी, याचाही नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ म्हणतो, ती वाजवी आकाराची हवी. आपण बार कौन्सिलवर आहोत किंवा होतो, पूर्वी न्यायाधीश होतो, अमुक प्रकारच्या कामात तरबेज आहोत, यातलं काहीही तिच्यावर लिहायचं नाही. जाहिरात तर नाहीच. उघड नाही आणि आडूनही नाही.

पाटीला हा नियम लागू, फ्लेक्सला बहुधा नसावा. कारण कोर्टाच्या कोपऱ्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी विधी क्षेत्रातलं रत्न नाहीतर भूषण झालेलं असतं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांची पासपोर्ट फोटोंची रांग. आपण स्वतः छापलं तर जाहिरात, मित्रमंडळाने छापलं तर सत्कार.

मलाही अशाच एका पुरस्कारासाठी फोन आला होता. ‘सर, आपली निवड झालीय.’ कशासाठी, असं विचारलं. ‘आपल्या कार्याची दखल घेऊन.’ कुठल्या कार्याची? पलीकडे जरा शांतता. मग, ‘ते आपणच फॉर्ममध्ये भरायचंय.’ पुढे नोंदणी शुल्क आलं, जोडीने येणार असाल तर जेवणाचे वेगळे पैसे आले. मी रक्कम विचारली नसती तर बरं झालं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस ‘काही कमी करू’ असे निरोप येत होते.

पैशांचा भाग सोडून देऊ. प्रामाणिक परीक्षक मंडळ नेमलं तरी ते तपासणार काय? ज्यांच्याकडे मी काम शिकलो, त्या आमच्या सीनियरांचं सगळ्यात चांगलं काम कुठल्याच रोजनाम्यात सापडणार नाही. बांधावरून भांडून तावातावाने आलेल्या दोन चुलतभावांना ते आधी चहा पाजत. मग मोजणी, कोर्ट फी, अपील, दरखास्त असा पुढच्या वीस वर्षांचा हिशोब मांडत आणि दावा न लावताच घरी पाठवत. फी बुडायची ती बुडायचीच. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हे कायद्याचं बंधन. म्हणजे जे काम खरं दाद देण्यासारखं, ते दाखवताच येत नाही. दाखवता येतो तो गाजलेला खटला, आणि तो पुष्कळदा गाजलेल्या आरोपीमुळे गाजतो.

मोजता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयालाही अनुभवाने कळलं. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम १६ प्रमाणे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय एखाद्याला सीनियर अ‍ॅडव्होकेट करतं. ही निवड मर्जीतल्यांची होते, अशी कुजबुज जुनीच. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर २०१७मध्ये उपाय निघाला तो मार्कांचा. एकूण १००. वकिलीच्या वर्षांना २०, निकालांना ४०, लेखनाला १५, मुलाखतीला २५. २०२३मध्ये लेखनाचे ५ केले, निकालांचे ५०. आयुष्यभर न्यायाधीशांसमोर उभं राहिलेल्या माणसाला पुन्हा तोंडी परीक्षा! आणि ज्याची हयात तालुक्याच्या कोर्टात साक्षी-पुरावे नोंदवण्यात गेली, त्याने दाखवण्याजोगे निकाल आणायचे कुठून? अखेर मे २०२५मध्ये न्यायालयानेच ही गुणपद्धत मोडीत काढली. न्यायाधीश रोज ज्यांना ऐकतात, त्यांनाही जिथे आकडा लावता आला नाही, तिथे हॉटेलच्या हॉलमध्ये तो अडीच तासांत लावला जातो, मध्ये गाण्यांच्या कार्यक्रमासह.

तरी सीनियरच्या गाऊनबद्दल मला आदर वाटतो, आणि तो त्याच्या अटींमुळे. तो अंगावर आला की वकीलपत्र दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही, दुसऱ्या वकिलाशिवाय उभंही राहता येत नाही. म्हणजे मान मिळतो आणि सोबत काही हक्क सोडावे लागतात. ट्रॉफीत सोडायचं फक्त शुल्क.

एक बाजू मात्र मला खोडता येत नाही. घरात कुणी वकील नाही, मामा न्यायाधीश नाही, अशी खेड्यातून आलेली मुलगी सनद घेऊन बसते, तेव्हा तिचं नाव कुणाला कळणार कसं? बड्या आडनावांना जाहिरात लागत नाही. नियम ३६ त्यांना काचतच नाही. तिने एखादी ट्रॉफी घेऊन स्टेटसला ठेवली तर मी हसणार नाही. पण याला इलाज पुरस्कार नव्हे, नियम सैल करणं हा आहे. २००८पासून वकिलाला वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र देता येतं. पाटीवर मात्र तेच क्षेत्र लिहायला बंदी! मोबाइलवर चालतं ते दारावर का चालू नये? तिला ‘वाटपाचे दावे, वारस दाखले’ असं सरळ लिहू द्या. अशिलाला तेवढंच हवं असतं.

आणि पुरस्कार द्यायचेच असतील तर माझी हरकत नाही. फक्त सन्मानचिन्हावर प्रायोजकाच्या नावाखाली आणखी दोन ओळी कोराव्यात: परीक्षक कोण होते, आणि मानकऱ्याने किती रुपये भरले.